मामीच्या आवाजाला घातलेलं कुलूप

मी प्रोग्रामर आहे असं सांगितलं की भोरमध्ये लोकांच्या चेहऱ्यावर आदर येतो आणि मग ते मला टीव्हीचा रिमोट दुरुस्त करायला देतात. गेली तीस वर्षं, मी नोकरीसाठी पुण्यात होते तेव्हाही, हेच चाललं आहे. शेजारच्या काकूंचा प्रिंटर, चुलत दिरांच्या दुकानातला कॅमेरा, कुणाचा तरी विसरलेला पासवर्ड, सगळं माझ्या दारात येतं. प्रिंटरचं आणि माझं जन्मात कधी पटलेलं नाही, हे मी कितीदा सांगितलं तरी लोकांना तो माझा विनय वाटतो.

खरं काम काय असतं ते एकदाचं सांगून टाकते. कॉम्प्युटर हा अत्यंत आज्ञाधारक आणि अत्यंत मठ्ठ गडी आहे. सांगाल तेवढंच करतो, पण सांगाल तसंच करतो. 'दार लावून घे' म्हटलं तर तो लावून घेईल, तुम्ही बाहेर आहात की आत ते बघणार नाही. म्हणून प्रोग्रामरचं निम्मं आयुष्य 'आणि तसं झालं तर?' या एकाच प्रश्नात जातं. उरलेलं निम्मं, जे सुचलं नव्हतं ते घडल्यावर निस्तरण्यात जातं.

शिवाय या गड्याला दोनच उत्तरं येतात, हो आणि नाही. भोरमधल्या एका मंगल कार्यालयाच्या मालकांना मी तारखा नोंदवण्याचा प्रोग्राम करून दिला होता. एका दिवशी एकच लग्न, दुसरं नोंदवायला गेलं की पडद्यावर लाल अक्षरांत नकार यायचा. महिन्याभरात मालक घरी आले.

"मॅडम, तुमचा प्रोग्राम लई उद्धट हाय. गिऱ्हाईक समोर बसल्यालं आसतं आन् ह्यो तोंडावर न्हाई म्हणतो. माणसानं कसं, बघू म्हणावं."

"बघू म्हणून पुढे काय करता?"

"करायचं काय त्यात? एक पार्टी सकाळी बसवायची, एक संध्याकाळी. न्हाईतर एखादं लगीन मोडतंबी."

मी मुकाट्याने तिसरं बटण करून दिलं, 'बघू' नावाचं. त्या प्रोग्राममध्ये सर्वांत जास्त झिजलं ते तेच बटण. त्या प्रसंगातून मी काही शिकायला हवं होतं. मला वाटलं, माणूस विचित्र आहे, आणि मी विसरून गेले.

आता गेमबद्दल. मी काही वर्षं पुण्यातल्या एका कंपनीत मोबाईल गेम करायचं काम केलं. गेममुळे पिढी बिघडते असं ज्यांना वाटतं त्यांच्याशी मी भांडत आले आहे, कारण खेळ म्हणजे वाया गेलेला वेळ हे मला मान्य नाही. पण आतली गोष्टही सांगायला हवी. हल्लीचे बरेच गेम खेळणाऱ्याने उठूच नये म्हणून बेतलेले असतात. कधी घंटी वाजवायची, कधी चकाकणारी पेटी दाखवायची, हरता हरता कधी थोडं जिंकू द्यायचं, यावर आमच्या बैठका व्हायच्या. मला त्या बैठकांतून उठून जावंसं वाटायचं. माझ्या मते चांगला खेळ तो, जो संपतो आणि संपल्यावर माणसं उठून आपापल्या कामाला लागतात.

असा एक खेळ मी लहानपणापासून बघत आले होते. भोरजवळच्या उत्रोलीला माझ्या मामांच्या दारापुढे एक काळा चपटा दगड आहे. त्यावर वाघ-बकरीचा पट कोरलेला आहे, कुणी आणि कधी ते कुणालाच माहीत नाही. मामा सांगतात, गुराख्यांनी. तीन वाघ, पंधरा बकऱ्या. वाघाने बकरीवरून उडी मारून पलीकडच्या मोकळ्या जागी जायचं की बकरी खाल्ली, आणि बकऱ्यांनी, एकेक करून पटावर येत, वाघाला असं घेरायचं की त्याला हलताच येऊ नये. वाघाला चिंचोके, बकऱ्यांना खडे. भाताची लावणी उरकली की मामांच्या दारात डाव पडायचे. मामा कायम बकऱ्यांकडून खेळायचे आणि पंचक्रोशीत त्यांना कुणी हरवत नसे.

पण त्या दारातला खरा कार्यक्रम मामी असायची. ती स्वतः कधी पटाजवळ बसली नाही. उंबऱ्यात बसून सुपात तांदूळ निवडायची. मान खाली, बोटं तांदळात, आणि लक्ष सगळं पटावर. मामा एखादी बकरी चुकून वाघासमोर ठेवायला गेले की सुपातून डोकं वर न काढता म्हणायची, "अवो, डोळं कुठं ठिवलंत? समोर वाघ बसलाय की." मामा हात मागे घ्यायचे. डाव जिंकले तर मात्र ती एक शब्द बोलायची नाही. मामा कशामुळे जिंकतात याबद्दल गावात दोन मतं होती.

कंपनीतल्या घंट्यांना कंटाळून मी ठरवलं की स्वतःचा एक गेम करायचा, आणि तो वाघ-बकरीच करायचा. वाघ कॉम्प्युटरचे, बकऱ्या खेळणाऱ्याच्या. दगडावर खडा टेकल्याचा आवाज खराच हवा म्हणून एका रविवारी उत्रोलीला गेले आणि पटाशेजारी मोबाईल ठेवून मामांचे दोन डाव रेकॉर्ड केले. घरी येऊन ऐकते तर खड्यांच्या आवाजात मध्येमध्ये मामी. "अवो, डोळं कुठं ठिवलंत?" बकरी गेल्यावर, "घ्या. ग्येली. आता बसा हात चोळत." आणि मामा फार वेळ विचार करायला लागले तेव्हा, "उजाडायच्या आत ठिवा म्हंजी झालं."

मला हसू आवरेना. मी तिचा आवाज काढून टाकायला बसले होते, तो तसाच ठेवला. खेळणाऱ्याने चुकीच्या जागी बकरी ठेवली की मामी बोलणार. विचारलं मात्र नाही. गेम तयार झाल्यावर नेऊन दाखवला, आणि त्यालाच मी त्या वेळी विचारणं समजत होते.

मामीने आपलाच आवाज ऐकला आणि पदर तोंडाला लावून हसत सुटली. "आगं बया, मी आशी बोलती व्हय?" मग मामांकडे वळून, "तुमी सांगितलं न्हाई कदी."

"सांगितलं आसतं तर दोन शबूद जास्त आईकावं लागलं आसतं," मामा म्हणाले.

मी म्हटलं, "मामी, जिंकल्यावर शाब्बास म्हणायला पण तुमचाच आवाज हवाय. म्हणा की एकदा."

"त्यात कसली शाबासकी? त्येनला दुसरं काम काय हाय?" ती म्हणाली, आणि तो विषय संपला. जाताना मात्र तिने मला दाराशी थांबवलं. "सुजे, माझं नाव नगं घालू त्यात. लोकं म्हणतील, बाई नवऱ्याला कशी बोलती."

मी नाव घातलं नाही. पहिल्याच पडद्यावर ठळक अक्षरांत माझं नाव घातलं आणि खाली लिहिलं, 'सर्व हक्क माझ्याकडे'. आता विचार केला तर खेळाचे नियम कुणा गुराख्यांचे, पट कुणा अनोळखी माणसाने कोरलेला, खेळण्याची अक्कल मामांची, आवाज मामीचा. माझं त्यात काय होतं, तर त्या मठ्ठ गड्याला हे सगळं समजावून सांगण्याची मेहनत. ती मेहनत खरी होती, आठ महिन्यांची होती, हेही तितकंच खरं. पण 'सर्व' हा शब्द लिहिताना माझा हात जरासाही अडखळला नाही.

आणि मग मी कुलूप घातलं. कॉपी होऊ नये म्हणून गेममधले सगळे आवाज आणि चित्रं मी गुंडाळून बंद केली. गेम उघडला की तो आधी इंटरनेटवरून माझ्या सर्व्हरला, म्हणजे भाड्याने घेतलेल्या दूरच्या एका कॉम्प्युटरला, विचारायचा की हा माणूस पैसे भरलेला आहे का. तिकडून किल्ली आली तरच मामी बोलणार. मला त्या कुलपाचा फार अभिमान होता. सहकाऱ्यांना मी ते कागदावर काढून दाखवत असे.

लोक गेम खेळले. फार नाहीत, पण खेळले. जगभरातल्या लोकांना एक बाई 'अवो' म्हणून झापते आहे, हे मला रोज आठवून बरं वाटायचं. कुणी तरी तक्रार लिहिली होती, 'आजी फार बोलतात, आजी बंद करायचं बटण द्या.' मी दिलं नाही.

एक दिवस पुण्याहून एसटीने भोरला येत होते. खेड शिवापूर गेलं आणि मागच्या सीटवरून आवाज आला, "अवो, डोळं कुठं ठिवलंत?" मी आनंदाने वळले. एक बाई मोबाईलमध्ये डोकं घालून बसली होती. मी तिला म्हटलं, हा गेम मी केलाय. तिला ते खरं वाटलं नाही. बोलता बोलता माझ्या लक्षात आलं, तिच्या मोबाईलला इंटरनेटच नव्हतं. तरी मामी बोलत होती.

"कुठून घेतला हा?"

"नसरापूरला मोबाईलवाल्याकडनं कार्ड भरून घेतलं. दोनशे गाणी आन् धा गेम."

ज्यांना हा धंदा माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. मोबाईलचं इंटरनेट महाग होतं तेव्हा गावोगावी दुकानांवर पाट्या असायच्या, 'मेमरी कार्ड भरून मिळेल'. नखाएवढं कार्ड द्यायचं, दुकानदार आपल्या कॉम्प्युटरवरून त्यात गाणी, सिनेमे, कीर्तनं, गेम काय हवं ते भरून द्यायचा. पिठाच्या गिरणीत डबा ठेवून बाजार करून यावं तशी माणसं कार्ड ठेवून जायची. त्यात कुणाचीच परवानगी घेतलेली नसायची.

मी नसरापूरला उतरले आणि तडक दुकानात गेले. दुकानदाराचं नाव संपत, चाळिशीचा, कपाळावर चष्मा. मी कोण ते सांगितलं आणि ही चोरी आहे असं म्हटलं. तो शांतपणे म्हणाला, "मॅडम, मी इकत न्हाई. नुस्तं भरून देतो. मला बी कुणीतरी भरूनच दिलं." माझं कुलूप कुणी फोडलं हे त्याला ठाऊक नव्हतं. जगाच्या पाठीवर कुठेतरी बसलेल्या एकाने ते फोडून, आतलं सगळं मोकळं करून गेम सोडून दिला होता, आणि तो हातोहात नसरापूरपर्यंत आला होता.

मी पोलिसांचं नाव काढलं. कायद्याची कलमं सांगितली. दुकानात गिऱ्हाइकं होती, त्यांच्यादेखत मी त्याला कॉम्प्युटरवरून गेम काढून टाकायला लावला. त्याने काढला आणि म्हणाला, "परत न्हाई भरणार. शब्द दिला." मी मान ताठ ठेवून बाहेर पडले.

माझं म्हणणं चुकीचं नव्हतं, आजही नाही. कुणी आठ महिने घालून काही केलं असेल तर ते फुकट उचलू नये, असं मला अजून वाटतं. फक्त त्या दिवशीचा माझा आवाज मला आठवतो तेव्हा तो आवडत नाही.

पुढे मी नोकरी बदलली. मोबाईलचं इंटरनेट स्वस्त झालं, चकाकणाऱ्या पेट्यांचे गेम आले आणि वाघ-बकरी मागे पडली. आमच्या धंद्यात याचं फारसं दुःख करत नाहीत. मग घरून काम करायची सोय झाली तशी मी भोरला परतले आणि सुखाने राहू लागले.

मागच्या वर्षी मामी गेली. चार दिवसांच्या तापाचं निमित्त झालं. पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे तिला आदरांजली वाहण्याच्या, कार्यक्रमाला सगळं उत्रोली होतं. व्यासपीठावर तिचा फोटो, पुढे मेणबत्त्या, लोक भरभरून बोलले. सगळे गेल्यावर मामा मला म्हणाले, "फोटू समदे बघत्यात सुजे. फोटूत ती गप बसलीया. गप बसल्याली मला वळखू येत न्हाई."

मी त्यांचा हात धरला. ते म्हणाले, "त्या तुझ्या खेळात तिचा आवाज हाय न्हवं? तेवढा मला दे."

आवाज दुसरीकडे कुठेच नव्हता. घरात साधा बटणांचा फोन. लग्नाच्या व्हिडिओंत मामी एक तर स्वयंपाकात, नाही तर कॅमेरावाल्याने वरून गाणं घातलेलं. पण मी निर्धास्त होते. "उद्या आणते," मी म्हटलं.

घरी येऊन एका जुन्या टॅबवर राहिलेला गेम उघडला. तो बराच वेळ घुटमळला आणि त्याने सांगितलं, 'सर्व्हर सापडत नाही.' सर्व्हर केव्हाच बंद झाला होता. माझं बँकेचं कार्ड बदललं, भाडं थांबलं, सूचना जुन्या नोकरीच्या ईमेलवर जात राहिल्या, आणि शेवटी त्या लोकांनी जागा पुसून दुसऱ्याला दिली. किल्ली तिथेच होती. मूळ रेकॉर्डिंग ज्या लॅपटॉपमध्ये होतं त्याची डिस्क गेलेली. जो मोबाईल मी पटाशेजारी ठेवला होता तो नवा घेताना दुकानात देऊन टाकलेला. मी जपून ठेवलेली प्रत मिळाली, कपाटातल्या डिस्कवर, व्यवस्थित नावं घातलेली. पण त्यात आवाज होते ते कुलूपबंद. शिस्तीची माणसं असंच करतात.

आठ दिवस मी ते कुलूप फोडायला बसले. फुटलं नाही. ज्याने पूर्वी ते फोडलं त्याच्या वेळी सर्व्हरवरून किल्ली तरी येत होती. मी चांगलं काम केलं होतं. 'आणि तसं झालं तर?' हा प्रश्न मी हजार चोरांसाठी विचारला होता, त्यात मामांना एकदाही मोजलं नव्हतं. मामांचा रोज फोन यायचा. ते आवाजाबद्दल काही विचारत नसत. "जेवलीस का?" म्हणायचे, आणि जरा वेळ फोन तसाच धरून बसायचे. मला त्या फोनची भीती वाटायला लागली.

फोडलेली प्रत इंटरनेटवरही कुठे उरली नव्हती, तेव्हा नवव्या दिवशी मी नसरापूरला गेले. दुकान तिथेच होतं, पाटी बदललेली. कार्डं भरणं बंद झालेलं, आता कव्हरं आणि चार्जर लटकत होते. संपतरावांनी मला ओळखलं आणि कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला. मी काय झालं ते पहिल्यापासून सांगितलं. मग विचारलं, "तुम्ही तो गेम तेव्हा खरंच काढून टाकला होता?"

"तुमच्यादेखत काडला की."

"दुसरीकडे कुठे ठेवला असेल ना?"

"मागच्या कॉम्प्युटरवर हुता. तुमी ग्येल्यावर तिथनंबी काडला. शब्द दिला हुता न्हवं."

एखाद्याच्या प्रामाणिकपणाचा राग येण्याची ही माझी पहिलीच वेळ. मी तिथल्या स्टुलावर बसले. रडायला येत होतं आणि ते मी लपवलं नाही. संपतराव काउंटरच्या मागे उभे राहून काही वेळ चार्जरच्या वायरी सरळ करत राहिले.

"बघू," ते म्हणाले.

त्यांनी खालून बिस्किटांचा एक मोठा पत्र्याचा डबा काढला. त्यात मेलेले मोबाईल होते. दुरुस्तीला टाकलेले, कुणी परत न्यायला न आलेले. प्रत्येकाला रबर लावून चिठ्ठी. "ह्यातल्या निम्म्या कार्डात मीच माल भरलाय. पण फोटू-बिटू काय उघडायचं न्हाई. नुस्तं गेमचं नाव हुडकायचं." मी कबूल केलं. चोरीबद्दल ज्याला मी कलमं सुनावली होती तो माणूस मला आता दुसऱ्याच्या वस्तूला हात कसा लावायचा ते शिकवत होता.

एकेक कार्ड काढून आम्ही कॉम्प्युटरला लावत गेलो. काही उघडलीच नाहीत. काहींत नुसती गाणी. मधेच गिऱ्हाईक यायचं, संपतराव त्याच्या मोबाईलला काच चिकटवून द्यायचे आणि परत बसायचे. अकराव्या कार्डात ते नाव दिसलं. माझा हात पुढे गेला, तो त्यांनी थांबवला. चिठ्ठी वाचली. 'शिवरे फाटा, चहावाले, स्क्रीन.' खाली नंबर. त्यांनी आधी फोन लावला आणि मला ऐकू यावं म्हणून आवाज मोठा केला.

"नसरापूरवरनं बोलतोय, मोबाईलवाला. तुमचा मोबाईल हाय माझ्याकडं."

पलीकडे महामार्गावरच्या गाड्यांचा आवाज. "कंचा मोबाईल? ह्यो बोलतोय त्यो न्हवं?"

"जुना. स्क्रीन बदलाया दिल्याला."

"आरं व्हय. झाला का मग स्क्रीन?"

त्याला आठ-नऊ वर्षं झाली होती. संपतराव एवढंच म्हणाले, "बघतो. पण कार्डातला एक गेम हवाय हितं एका ताईंना. काढून दिऊ का?"

"द्या की. म्हातारी वरडती त्यो न्हवं? माझी बायकू खेळायची. आन् मलाबी परत भरून द्या, आता न्हाई घावत त्यो."

नव्या मोबाईलवर इतका जुना गेम चालेना. संपतरावांनी त्याच डब्यातून स्वतःचा एक जुना हँडसेट काढला, बॅटरी घातली आणि गेम चढवला. पहिला पडदा आला. माझं नाव नव्हतं. त्या जागी कुलूप फोडणाऱ्याने आपलं इंग्रजी टोपणनाव ठोकलं होतं, आणि 'सर्व हक्क'ची ओळही गेलेली. मी त्या अनोळखी चोराला मनोमन हात जोडले.

एक बकरी मी मुद्दाम वाघासमोर ठेवली. नसरापूरच्या भर बाजारात मामी म्हणाली, "अवो, डोळं कुठं ठिवलंत? समोर वाघ बसलाय की."

मला पुढचं काही दिसेना. संपतरावांनी विचारलं, "ह्या कोण?"

"माझी मामी."

"मला वाटायचं कुणी नाटकातली बाई आसंल," ते म्हणाले, आणि हँडसेटचे पैसे घेईनात. मी त्यांची जुन्या भांडणाबद्दल माफी मागितली. ते म्हणाले, तुमचं बराबर हुतं, फक्त गिऱ्हाइकादेखत नगं हुतं.

दुपारी उत्रोलीला पोचले तेव्हा मामा पटाच्या दगडाजवळ बसले होते. उंबऱ्यात कुणी नव्हतं. मी मोबाईल त्यांच्या हातात दिला, बोटाने बकरी कशी ठेवायची ते दाखवलं. त्यांनी चष्मा पुसला आणि खेळायला लागले. एक बकरी ठेवली, दुसरी, तिसरी. मामी गप्प. पाचवी, आठवी. एकही चूक नाही. आयुष्यभर जे हात खेळले ते आपोआप चालत होते. तिन्ही वाघ कोंडले गेले आणि डाव संपला.

मामांनी वर पाहिलं. तोंड उतरलं होतं. "बोलत न्हाई की गं."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. "मामा, तुम्ही चुकल्याशिवाय ती बोलत नाही. जिंकल्यावर काही म्हणायला ती तयारच नव्हती."

त्यांनी मोबाईल मांडीवर टेकवला. मग हळूहळू हसायला लागले. "व्हय. तसंच हुतं तिचं." त्यांनी नवा डाव मांडला, पहिली बकरी सरळ वाघाच्या तोंडासमोर ठेवली आणि मोबाईल कानाशी नेला.

ती बोलली. मामांनी डोळे मिटले.

मी म्हटलं, "मी एक बटण करून देते. ते दाबलं की बोलेल, डाव खेळायची गरजच नाही. कामही सोपं आहे."

"नगं," मामा म्हणाले. "बटण दाबून ती कदी बोलली व्हय? चुकाया लागायचं आदी." आणि मग, "कुलूप मातर परत घालू नगंस."

मी चहा टाकायला आत गेले. चुलीशेजारी सूप भिंतीला टेकून ठेवलं होतं. बाहेरून मामीचा आवाज येत होता, घ्या, ग्येली, आता बसा हात चोळत. पंचक्रोशीत कधी न हरलेला माणूस एकेक बकरी वाघाला देत होता.